एकदाच लावली होती

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला माहीत नाही, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला माहीत नाही — आणि त्याला माझं सगळं माहीत असतं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. समोर बसलेल्या माणसाला हे सांगायची माझी छाती नाही.

सुरुवात कुठून करू? दुकानापासून करतो. ते सोपं आहे.

नारायण पेठेत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझी एक खोली आहे. बंद पडलेल्या हार्डडिस्कमधून लोकांचे फोटो, प्रबंध, लग्नाची शूटिंगं बाहेर काढून देणं हा माझा धंदा. लोक मला डॉक्टर म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. दारावर मी एक पाटी रंगवून घेतली आहे: ‘हार्डडिस्क घरी उघडून, ठोकून अथवा फ्रिजमध्ये ठेवून मग येथे आणू नये. येथे उपचार होतात, अंत्यविधी नाहीत.’ लोक पाटीसमोर उभे राहून फोटो काढतात. मलाही वाटायचं, काय झणझणीत लिहिलंय आपण.

फ्रिजचं सांगायला हवं. बंद पडलेली डिस्क गोठवली की थोडा वेळ चालते, असा एक जुना तोडगा आहे. कुणीतरी कुठेतरी वाचतो, पिशवीत गुंडाळून बर्फाच्या कप्प्यात ठेवतो, बाहेर काढल्यावर तिला दव धरतं आणि होती नव्हती ती आशाही संपते. असं करून आलेल्या लोकांना मी फार बोललो आहे. एका प्राध्यापकांना तर त्यांच्या मुलीसमोर बोललो. ते गृहस्थ खाली मान घालून ऐकत होते.

तर — गायकवाड काका. धायरीला राहतात. पाटबंधारे खात्यात होते, खडकवासल्याला बरीच वर्षं नोकरी झालेली. दारात उभं राहून ‘जय भीम’ म्हणाले, चपला बाहेर काढल्या, आणि मग पाटी वाचून हसले. मागे काकू होत्या आणि सून प्रज्ञा. काकूंच्या गळ्याभोवती पातळ सुती रुमाल होता. मी ‘बसा ना काकू’ म्हटलं तर त्यांनी फक्त मान हलवली. मला वाटलं, शिष्ट आहेत. असंही मी पटकन ठरवून मोकळा होतो.

शिष्ट नव्हत्या. घशाच्या कॅन्सरमध्ये डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्र काढलं होतं. आवाज गेला होता, कायमचा.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी कल्पना दिली होती. काकू विहारात लहान मुलांचा वर्ग घ्यायच्या, वंदना शिकवायच्या, गोष्टी सांगायच्या. प्रज्ञा तेव्हा गरोदर होती. तिनंच ठरवलं की आईंचा आवाज साठवून ठेवायचा, बाळासाठी. रोज सकाळी दोघी फोनवर रेकॉर्ड करायला बसायच्या. गोष्टी, गाणी तर झालीच, पण प्रज्ञानं त्यांच्याकडून साधी वाक्यंसुद्धा बोलून घेतली होती. ‘जेवायला या.’ ‘चप्पल घातलीस का?’ ‘इकडं ये, केस विंचरते.’ घरात माणूस जे बोलतं ते सगळं. मग फोन बिघडला, बदलला, आणि हे सारं राहिलं त्या एका छोट्या डिस्कवर. दुसरी प्रत कुणी काढली नव्हती. कुणीच काढत नाही. आता नात दोन वर्षांची झाली होती. तिला आजीचा आवाज ऐकवावा म्हणून प्रज्ञानं डिस्क लावली, तर आतून टकटक असा आवाज आला आणि काहीच दिसेना. तिनं लगेच काढून ठेवली. बरोबर तेच करायला हवं होतं. दहातल्या नऊ जणांना ते सुचत नाही.

काका म्हणाले, “हे बघा, झेपणार नसेल तर आत्ताच सांगा. बंगळूरला मोठी लॅब आहे म्हणतात, मुलगा तिकडं पाठवू म्हणतोय. उशीर झाला तरी चालेल आम्हाला, पण हे जायला नको.”

झेपणार नसेल तर — हे शब्द मला लागले. त्यांनी काळजीनं विचारलं होतं, आणि मला तो अपमान वाटला. मी म्हणालो, “तिकडं पाठवून काय होणार? ते हेच करणार, फक्त इंग्रजीत.” काका हसले. काकूंचे खांदे हलले. आवाज नसलेलं हसू मी पहिल्यांदा पाहिलं.

मला तेव्हाच माहीत होतं. ती माणसं जिना उतरायच्या आत मी डिस्क कानाला लावून, एकदा वीज देऊन ऐकली होती. आत एक चकती फिरते आणि तिच्यावरून, न टेकता, एक बारीक हात वाचत जातो. तो हात लंगडा झाला की टकटक ऐकू येते. अशी डिस्क पुन्हा चालू करायची नसते. धूळ नसलेल्या बंद खोलीत तो हात बदलावा लागतो. तसली खोली माझ्याकडे नाही. बंगळूरला आहे.

मग का ठेवून घेतली? इथे मला स्वतःची बाजू घ्यायचा मोह होतोय. मुलाची फी, दुकानाचं भाडं — नाही. तसलं काही नव्हतं. मला ‘नाही जमणार’ म्हणायचं नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आलो आणि डिस्क लावली. टकटक झाली, थांबली, आणि मग — कधी कधी होतं असं — चालू झाली. पडद्यावर फोल्डर दिसले. ‘आईंच्या गोष्टी’. ‘आई रोजचं बोलणं’.

आमच्या धंद्यात पहिला नियम एकच आहे. मरायला टेकलेली डिस्क शुद्धीवर आली तर काही उघडायचं नाही, काही बघायचं नाही. आधी जमेल तेवढी नक्कल काढायला लावायची. मी शिकवण्या घेतल्या आहेत, मुलांना फळ्यावर लिहून दिलं आहे हे. आणि मी काय केलं? फोन हातात घेतला आणि एक फाइल उघडली. काकांना आवाज ऐकवायचा होता मला. थोडं रेकॉर्ड करून पाठवीन, खाली लिहीन: ‘बंगळूरला जायची गरज नाही.’ हे वाक्यसुद्धा मनात तयार होतं.

आवाज आला. “पंखा बंद कर गं. माझ्यापेक्षा त्याचाच आवाज येतोय.” मग हसू. भरदार, जरा घोगरा, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज. मग त्या म्हणाल्या, “हं, आता ऐक गं बाळा. तू मुलगा आहेस का मुलगी ते आजीला माहीत नाही, पण ऐक.” आणि गोष्ट सुरू झाली. एका चिमणीची, जिला धरणाची भिंत ओलांडायची होती.

मी ऐकतच राहिलो. फोन हातात, बटण दाबलेलं नाही. काय झालं होतं मला? आदल्या दिवशी त्या बाईंना मी शिष्ट समजलो होतो, आणि आता हा आवाज. चिमणी भिंतीवर बसली तिथे टकटक सुरू झाली आणि सगळं थांबलं.

ते पुन्हा कधीच सुरू झालं नाही. मी डिस्क काढली, लावली. काढली, लावली. उलटी धरून लावली. हातात गरम करून लावली. किती वेळा ते मोजलं नाही. टकटकीचा आवाज बदलून खरवडल्यासारखा झाला तरी मी थांबलो नाही. आणि मग — हसा तुम्ही, हसायलाच हवं — मी ती डिस्क पिशवीत गुंडाळून घरी नेली आणि फ्रिजमध्ये ठेवली. बर्फाच्या कप्प्यात, मटारच्या शेजारी. बायकोनं विचारलं, हे काय? म्हटलं, कामाचं आहे, हात लावू नकोस.

नंतर डिस्कचं झाकण उघडलं तेव्हा चकतीवर गोल ओरखडा होता. तारेच्या घासणीनं स्टीलचं ताट घासावं तसा. तिथला थर खरवडून गेला होता. आता बंगळूर काय, कुणालाच तिथून काही काढता येणार नव्हतं.

इथपर्यंतचं मी तुम्हाला सांगितलं, पण यासाठी मी लिहायला बसलो नाही. हात चुकतो, मोह होतो. एवढंच असतं तर कदाचित मी ते त्यांना सांगितलंही असतं. असं मला वाटतं. खरं काय ते माहीत नाही.

मी त्यांना बोलावलं. तिघंही आले. काकूंनी या वेळी चांगली साडी नेसली होती, मला ते लगेच दिसलं. मी डिस्क टेबलावर ठेवली, झाकण काढून ओरखडा दाखवला. काकांनी वाकून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “असं कशानं होतं?”

साधा प्रश्न होता. माझ्या तोंडातून उत्तर आलं ते इतकं सहज आलं, की ते आधीपासून तयार होतं का, याची मला अजून भीती वाटते. मी म्हणालो, “खराब झालेली डिस्क पुन्हा पुन्हा लावली की होतं. घरी कुणी लावत होतं का?”

प्रज्ञा म्हणाली, “मी एकदाच लावली होती हो. टकटक ऐकली आणि काढली.”

आणि मी म्हणालो, “ताई, डिस्कच्या पोटात नोंद असते, ती किती वेळा चालू झाली त्याची. ही दहा-बारा वेळा तरी लावलीय. माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही.”

अशी नोंद असते, हे खरं. पण ती डिस्क तेव्हा नोंद वाचता येईल अशा अवस्थेत राहिली नव्हती. आणि वाचता आली असती तर दहा-बारा वेळा लावणारा त्यात मीच निघालो असतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना? मी तर बोंबही मारली नाही. शांतपणे, डॉक्टरसारखा बोललो.

काकांनी प्रज्ञाकडे पाहिलं. रागानं नाही — नुसतं पाहिलं. काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे तोंड केलं. त्यांना काही बोलताच येत नव्हतं, हे माझ्या पथ्यावर पडलं.

मी सुनेवरच का ढकललं? काकांचं नाव घेतलं असतं तर त्यांनी हुज्जत घातली असती. मुलगा असता तर त्यानं इंटरनेटवर शोधून मला चार प्रश्न विचारले असते. घरात सुनेवर फोडलेलं खापर कुणी उचलून परत करत नाही, हे मला माहीत होतं. विचार करून नसेल, पण माहीत होतं.

पुढे वर्षभरानं काका पेठेत काही कामाला आले होते, म्हणून वर डोकावले. चहा घेतला. बोलता बोलता म्हणाले, सून फार बदलली. मिक्सर लावायचा तरी विचारते, ‘लावू का?’ टीव्हीला हात लावत नाही. नात हट्ट करते तर बाबांना सांग म्हणते. “आम्ही कुणी एका शब्दानं बोललो नाही हो तिला,” काका म्हणाले. “तीच बोलेना झाली.” मी बशी धरून बसलो होतो. म्हणालो, होईल हळूहळू. यापेक्षा नीच वाक्य मी आयुष्यात उच्चारलं नसेल, असं तेव्हा वाटलं. ते चूक होतं. पुढचं अजून बाकी होतं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी काकू वारल्या. नंतर काही दिवसांनी प्रज्ञा एकटी आली. तिच्या हातात तीच डिस्क होती, झाकण चिकटपट्टीनं लावलेली. मला वाटलं, हिला कळलं. कुणीतरी सांगितलं असणार, अशा खरवडलेल्या डिस्कमधली नोंद वाचता येत नाही म्हणून. माझे कान गरम झाले, आणि — विश्वास ठेवा अगर ठेवू नका — मला बरं वाटलं. संपलं एकदाचं.

तिला काही कळलं नव्हतं. ती विचारायला आली होती, आता नवं काही तंत्र निघालंय का. मी नाही म्हटलं. तिनं डिस्कवरची चिकटपट्टी बोटानं दाबून बसवली. मग म्हणाली, “दादा, मला एकदाच लावल्याचं आठवतं. पण तुम्ही म्हणालात म्हणजे लावली असणार. तेव्हा बाळ लहान होतं, झोप नव्हती मला. कदाचित मुलगी रडत होती म्हणून मी लावत राहिले असेन. आईंना शेवटपर्यंत सॉरी म्हणायचं राहिलं. म्हटलं असतं तरी त्या काय बोलणार होत्या?”

खोली बंद होती, आम्ही दोघंच होतो. एक वाक्य पुरलं असतं. ‘तुम्ही एकदाच लावली होती.’ इतकंच. ते माझ्या जिभेवर आलं होतं, मला त्याची चव आठवते.

मी म्हणालो, “जाऊ द्या ताई. माणसाकडून चूक होते. मनाला लावून घेऊ नका.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत असं तिला कुणी म्हणालं नव्हतं म्हणे. उठताना तिनं मला हात जोडले, आणि मीही जोडले.