नाव घ्या

पाचोडची सुनंदा हाका मारूनही उठेना. पित्ताशयाचं ऑपरेशन छान झालं होतं. घशातली नळी काढताना तिनं डोळे उघडले, मानही हलवली, आणि पुन्हा जी झोपेत बुडाली ती बुडालीच.

मी भूलतज्ज्ञ. सगळं संभाजीनगर सर्जनचं कौतुक करतं, करू दे बापडं. पण पेशंटला वेळेत आणि अलगद जागं करावं ते मीच, असा माझा तोरा आहे. खोटं कशाला बोलू? झोपवणं जमतं हो, उठवण्यात खरा हात कळतो. एरवी माझी चेष्टा करणारे सर्जनसाहेबही त्या सकाळी तिची नाडी धरून उभे होते. श्वास पाहिला, ऑक्सिजन पाहिला, साखर तपासली, अंग गार लागलं म्हणून गरम पांघरूण घातलं, भुलीच्या औषधांचा अंमल उरलाय का तेही पाहिलं. सगळं ठीक. "सुनंदाताई, नाव सांगा," असं मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. बाहेर तिचा नवरा लेकीला कडेवर घेऊन दाराकडं बघत उभा होता. त्याला काय सांगू?

माझी आई पैठणच्या नाथांची भक्त. कुठं अडलं की म्हणायची, हातचं सगळं करून झालं ना, मग नाव घे. ते आठवलं आणि मी माझ्याच जिवाला मोठ्यानं बजावलं, "नाव घे गं बाई, नाव घे."

सुनंदाचे ओठ हलले. जड जिभेनं, नव्या नवरीसारखी लाजत ती म्हणाली, "पाचोडच्या बाजारात बांगड्या हिरव्यागार, विष्णूरावांचं नाव घेते, उघडा की दार."

मी देवाचं म्हणत होते, हिनं नवऱ्याचं घेतलं! सिस्टर तोंडावर हात ठेवून हसल्या, माझे मात्र डोळे भरून आले. तेवढ्यात डोळे उघडून ती म्हणाली, "झालं व्हय ऑपरेशन?"

दार मीच उघडलं. माझ्या तोंडून तो उखाणा ऐकून विष्णूराव लाजले आणि लेकीच्या फ्रॉकला डोळे पुसू लागले.

औषध उतरायची वेळच झाली असेल, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालत नाही. तोराही सोडलेला नाही. नाथांनी दिलेल्या हातांचा अभिमान का नसावा? फक्त आता सगळं तपासून झालं की पेशंटला मी 'नाव सांगा' म्हणत नाही, 'नाव घ्या' म्हणते. त्यांनी कुणाचंही घ्यावं. मी नाथांचं घेते.