मंजुरीप्रमाणे हरणारा विंचू

विषय : 'बगदादचा काळा विंचू' यांचा, मुखवटा न काढता एक कुस्ती जिंकू देण्याबाबतचा अर्ज.

संदर्भ : अर्जदाराने स्वहस्ते लिहिलेला कागद. तारीख नाही. डाव्या कोपऱ्यात कॉफीचा डाग.

उपरोक्त विषयाबाबत सादर करण्यात येते की, ऑफिसातल्या फाइली ठरावीक वर्षांनी जाळून टाकायचा नियम आहे. किश्श्यांना तसा नियम नाही. ते आपले साठत जातात आणि कुणी विचारलं नाही तरी बाहेर पडतात. मी कुंभकोणमला परवान्यांच्या टेबलावर जन्म काढला. नाटकवाले, सर्कसवाले, जादूगार, सगळ्यांचे कागद माझ्या हाताखालून गेले. पण एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत आमच्या गावात तिकीट लावून फ्रीस्टाइल कुस्त्या आल्या, आणि त्यांनी मला जेवढे धक्के दिले तेवढे उरलेल्या नोकरीत मिळून बसले नाहीत. माझं प्रमोशन झालं तो दिवससुद्धा त्यात धरून!

* * *

कुस्त्या भरवायला मद्रासहून एक नायडू आले. सगळे त्यांना मुतलाळी म्हणायचे, म्हणजे मालक. आमच्या फॉर्मात एक रकाना होता : 'कार्यक्रमाचा सविस्तर तपशील'. नाटकवाले त्यात 'पौराणिक नाटक, तीन तास' एवढं लिहून मोकळे व्हायचे. नायडू मुतलाळी कायद्याला भिणारा माणूस. त्यांनी चार पानं जोडली.

मी वाचायला घेतलं.

'पहिली फेरी : विंचू रेफरीची नजर चुकवून सायबेरियाच्या राक्षसाच्या डोळ्यांत बोट घालील. दुसरी फेरी : राक्षस दोरांवर लोंबकळेल, बायका ओरडतील. तिसरी फेरी : विंचू खुर्ची उचलील, रेफरी मध्ये पडून बेशुद्ध होईल (दोन मिनिटं). शेवट : विंचू हरेल.'

माझ्या हातातला टाक गळून पडला. गावातल्या भिंतीभिंतींवर 'जीवनमरणाचा सामना' अशी पोस्टरं लागलेली, आणि इथं मरणाची वेळ मिनिटांत दिलेली!

"मुतलाळी, कोण हरणार ते आधीच ठरलंय?"

"मग? तुमच्याच फॉर्मात 'सविस्तर' लिहिलंय ना, सार!"

मी तसाच कागद घेऊन सुपरिंटेंडेंटसाहेबांकडे धावलो. साहेबांनी न वाचता सही ठोकली आणि खाली नेहमीचं वाक्य लिहिलं : 'मंजूर. कार्यक्रम वरीलप्रमाणेच व्हावा. खात्रीसाठी क्लार्कने जातीने हजर राहावे.'

अशा रीतीने विंचू दर रविवारी नीट हरतो की नाही, हे पाहणं माझं ऑफिसचं काम झालं.

* * *

पहिल्या रविवारी जुन्या भातगिरणीच्या आवारात दुपारी चार वाजता गर्दी मावेना. पापनाशमहून, तिरुविडैमरुदूरहून माणसं आली होती. साहेब सहकुटुंब पुढच्या रांगेत. मी त्यांच्या मागं, मांडीवर फाइल.

विंचू आला. डोक्यापासून गळ्यापर्यंत काळा मुखवटा, डोळ्यांना दोन भोकं, ओठांपुरती फट. त्यानं राक्षसाच्या डोळ्यांत बोट घातलं, तसे साहेब उठून उभे राहिले. खुर्ची उचलली, तेव्हा साहेब स्वतःच्या खुर्चीवर उभे राहिले. रेफरी आडवा झाला आणि साहेब किंचाळले, "खून! पोलिसांना बोलवा! रायर, बघता काय नुसते?"

आम्हां तंजावरी मराठ्यांना तिकडे सगळे रायरच म्हणतात.

मी वाकून कानात सांगितलं, "सर, खुर्चीला आपली मंजुरी आहे. पान तीन. रेफरी दोन मिनिटांत उठेल."

"माझी मंजुरी?"

"सही आहे, सर."

"सही मी करतो हो!" साहेब ओरडले, "वाचायचं काम तुमचं ना!"

* * *

माझ्या शेजारच्या खुर्चीवर चोळपुरमचे तुकोजीराव बसायचे. सत्तरी ओलांडलेली, कधीकाळी घराण्याचा तंजावरच्या राजवाड्याशी संबंध होता, त्याची आता एक जरीकाठी शाल तेवढी उरलेली. रविवार कधी चुकवला नाही. ते फक्त विंचवाला शिव्या द्यायला यायचे. आणि शिव्या मराठीत! हजार माणसांत ती भाषा समजणारा मी एकटा, त्यामुळे त्यांनी आपल्या आजोबांपासूनचा सगळा साठा निर्धास्तपणे बाहेर काढला होता. काही शब्द तर मी नुसते पोथ्यांत वाचले होते.

एका रविवारी राक्षसानं विंचवाचा पाय धरून पिळला आणि विंचवाच्या तोंडातून रक्ताची धार लागली. समोरची एक बाई घेरी येऊन पडली. तुकोजीराव ताडकन उठले.

"अरे रेड्या! डावा गुडघा सोड! तेवढा सोडून पाहिजे ते मोड त्याचं!"

राक्षस मूळचा सेलमचा. मराठी कळायचा प्रश्न नव्हता. मला मात्र कौतुक वाटलं. द्वेषालाही या माणसाच्या घरी काही शिस्त आहे!

तेवढ्यात गर्दीतून आमच्या गल्लीतले डॉक्टर बॅग घेऊन थेट रिंगणात चढले. त्यांनी विंचवाचा जबडा धरला, रक्तात बोट बुडवलं, हुंगलं.

"चुना जास्त झालाय," डॉक्टर म्हणाले. "पान मात्र आपल्या कुंभकोणमचंच!"

* * *

मग राक्षसाला ताप आला. साधा नव्हे, दात वाजणारा. तिकिटं खपलेली, आणि मंजूर कार्यक्रमात तर राक्षस जिंकणार होता. मुतलाळींनी माझे पायच धरायचे बाकी ठेवले.

"रायर सार, विंचवाला एक दिवस जिंकू द्या की."

"बदल करायचा तर आठ दिवस आधी अर्ज लागतो," मी म्हणालो. आजही ते वाक्य आठवलं की माझा मलाच राग येतो. पण तेव्हा अभिमान वाटला होता.

तेव्हा राक्षसाला दोघांनी धरून आणलं आणि कोपऱ्यात टेकवून ठेवलं. विंचू त्याच्याजवळ गेला. त्यानं राक्षसाचा गरम हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवला, गुदमरला, डोळे फिरवले, उलटी कोलांटी घेतली, स्वतःला जमिनीवर तीनदा आपटलं, दोरांवरून बाहेर फेकलं, पुन्हा आत येऊन पुन्हा राक्षसाच्या हाताखाली गेला आणि मेल्यासारखा पडला. राक्षस जागचा हलला नव्हता. रेफरीनं विजयाचा हात वर केला आणि चटका बसून सोडला.

लोक वेडे झाले. "एका हातानं!" एकमेकांना सांगत होते, "बघितलंत? नुसत्या एका हातानं!"

मी रिपोर्ट लिहिला : 'कार्यक्रम मंजुरीप्रमाणे पार पडला.' एवढं प्रामाणिकपणे हरलेला माणूस मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

* * *

कॉफीचा किस्सा त्यानंतरचा. बाजारातल्या अय्यरांच्या हॉटेलात सकाळी एका टेबलावर विंचू आणि राक्षस समोरासमोर बसले होते. एकमेकांचे जन्माचे वैरी, आणि एक कॉफी दोघांत वाटून घेत होते! विंचू मुखवट्यासकट. पोस्टरवर लिहिलंच होतं, 'याचं तोंड आजवर कुणी पाहिलेलं नाही.'

कोपऱ्यातल्या एका गिऱ्हाइकाचा हात इडलीसकट तोंडाशी थांबला. "ऐय्यो! हे दोघं दोस्त?"

झालं. विंचवानं क्षणभर विचार केला आणि राक्षसाच्या अंगावर सांबार ओतलं. पुढं दहा मिनिटं हॉटेलात जे काही चाललं, त्यात धंद्याची अब्रू वाचली; कॉफीचे दोन पितळी डबरे, म्हणजे वाट्या, मात्र चेपले. अय्यर तक्रार घेऊन ऑफिसात आले.

"भांड्यांचं सोडा, रायर. मला धक्का बसला तो वेगळाच. तुमचा तो बगदादवाला कॉफी कशी पितो पाहिलंत? टंबलर हातभर वर धरून, ओठ न लावता, मान मागं टाकून. एक थेंब सांडला नाही. मुखवट्याच्या फटीतून!" अय्यरांनी आवाज खाली आणला. "तीस वर्षं हॉटेल चालवतोय मी. तसं प्यायला लहानपणी घरी कुणीतरी कान पिळावा लागतो. हा माणूस आपल्या तालुक्याबाहेरचा असूच शकत नाही!"

* * *

पुढच्या महिन्याचा कार्यक्रम आला. तिसरी फेरी वाचून मी चष्मा पुसला. 'राक्षस विंचवाचा मुखवटा ओढून काढील. गाव चकित होईल.' साहेबांनी मंजूर केला होता, अर्थात न वाचता.

गुरुवारी दुपारी एक धिप्पाड, लाजरा माणूस माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला आणि आमच्या जुन्या मराठीत म्हणाला, "अण्णा, तुम्हांस एक सांगणे आहे. मी संतोजी. चोळपुरमच्या तुकोजीरावांचा."

"तू मद्रासला ना? पितळी भांड्यांच्या दुकानात मॅनेजर? तुझे वडील सांगत असतात."

"मी बगदादला," तो मान खाली घालून म्हणाला.

मला खुर्ची असून नसल्यासारखी झाली! चपराश्यानं आणलेली कॉफी मी त्याच्यापुढं सरकवली. त्यानं टंबलर हातभर वर धरला. थेंब सांडला नाही. अय्यर चुकले नव्हते.

"अप्पांस ठाऊक नाही," संतोजी म्हणाला. "मी चिंचेवरून पडलो होतो लहानपणी, डावा गुडघा गेला, तेव्हापासून त्यांनी मला तालमीत पाऊल टाकू दिले नाही. आता दर रविवारी समोर बसून मजला शिव्या देतात. ते चालते हो, शिव्यांनी अंग दुखत नाही. पण मुखवटा निघाला तर? इतक्या शिव्या दिल्या त्या पोटच्या पोराला दिल्या, हे त्या म्हाताऱ्यास कळले, तर ते त्या परत कुठे ठेवतील?"

मी टेबलावरची फाइल मिटली.

"आणि निघायचाच नसेल, तर एक दिवस जिंकू द्या. त्यांच्यासमोर. तोंड झाकलेले असो. मला तरी ठाऊक राहील."

आठ दिवसांच्या नियमाचं नाव न काढता मी त्याला कोरा कागद दिला. त्यानं तिथंच मराठीत अर्ज लिहिला. घाईत टंबलर कलंडला, तोच तो डाग. मी स्वतः फाइल घेऊन साहेबांकडे गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "सर, कृपा करून वाचा."

साहेबांनी माझ्याकडून वाचून घेतलं, त्याचं इंग्रजी करवून घेतलं, आणि नेमका तोच दिवस निवडून नियमानं वागले.

"कार्यक्रमात विंचू आहे, सही संतोजीची. दोघं एकच कशावरून? दोन प्रतिष्ठित नागरिकांचा दाखला हवा, की आम्ही याला ओळखतो, हाच विंचू. तोवर विचार करता येत नाही."

म्हणजे मुखवटा राहू द्यायचा, तर आधी दोन माणसांसमोर तो काढायचा! मी बाहेर येऊन संतोजीला सांगितलं. तो हसला, वाकून नमस्कार केला आणि गेला.

* * *

रविवारी तुकोजीराव माझ्या शेजारी होते. मी त्यांना सकाळी निरोप पाठवला होता, ऊन फार आहे, आज येऊ नका. ते शाल पांघरून आले.

"ऊन मला की तुम्हांस, रायर?"

पहिली फेरी मंजुरीप्रमाणे. दुसरी मंजुरीप्रमाणे. तुकोजीराव नेहमीप्रमाणे शिव्या देत होते. तिसऱ्या फेरीत राक्षसानं विंचवाला खाली दाबलं आणि मुखवट्याच्या बंदात बोटं घातली. आवारातली सगळी माणसं उभी राहिली. एक बंद तुटला. विंचवानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हे कार्यक्रमात नव्हतं.

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

सत्तरीचा म्हातारा दोर उचलून आत कसा शिरला, ते मी अजूनही सांगू शकत नाही. मी फाइल घेऊन त्यांच्यामागं धावलो. मंजुरीशिवाय कुणी आत जाऊ नये, हे पाहणं माझं काम होतं. दुसरा बंद तुटला आणि मुखवटा राक्षसाच्या हातात आला, पण त्याआधीच जरीकाठी शाल विंचवाच्या डोक्यावर पडली होती. तुकोजीरावांनी ती गळ्याशी नीट गुंडाळली, गाठ मारली, आणि राक्षसाकडे वळून खड्या तमिळमध्ये म्हणाले, "हरवलंस ना? पुरे झालं. तोंड बघायचं काम नाही."

राक्षस दोन पावलं मागं सरकला.

मग ते शालीशी वाकले आणि मराठीत, अगदी हळू, म्हणाले, "उतरताना उजवा पाय आधी टाक."

एवढं बोलून ते दोराखालून बाहेर आले, माझ्या शेजारी आपल्या खुर्चीवर बसले, श्वास घेतला, आणि नेहमीच्या आवाजात ओरडले, "मर मेल्या, विंचवा!"

मी रिपोर्ट लिहिला : 'कार्यक्रम मंजुरीप्रमाणे पार पडला.'

निवृत्तीच्या दिवशी चार्ज देताना शिल्लक कागदांच्या यादीत हाही कागद होता. त्यावरचा शेरा असा : 'अर्जदार व विंचू एकच असल्याचा दाखला कोणीही न दिल्याने अर्ज प्रलंबित आहे.'