केरूसाहेबांची चौकडी

केरूसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका फळीवर पियानो वाजवत होते. कंपनीच्या मेसमागचं अंगण, दुपारची सुट्टी, मांडीवर चार फुटांची फळी, तिच्यावर ऑइलपेंटने रंगवलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि त्यांवरून धावणारी दहा बोटं. आवाज म्हणाल तर नखांची टकटक तेवढी. मध्येच ते थांबत, "नो, नो, बहुत खराब!" असं स्वतःवरच डाफरत आणि तीच जागा पुन्हा वाजवत. मी नुकताच रत्नागिरीहून दुबईला आलो होतो. मेसचा आचारी कायतान गोव्याचा. त्याला हळूच विचारलं, "हा साहेब बरा आहे ना?"

कायतान कांदा चिरत होता. मान वर न करता म्हणाला, "बरा आहे. सूर चुकला त्याचा. मला दिसलं."

साहेबांचं नाव इव्ह, आडनाव केरुएल. आम्ही कोकणातल्या माणसांनी दोन दिवसांत त्याचं केरू केलं, आणि त्यांनाही ते आवडलं. कंपनी तेलासाठी समुद्राची पाहणी करायची. साहेब लाँचवरून पाण्याची खोली मोजत आणि तिचे नकाशे काढत. मी खाडीकाठच्या गोडाऊनचा स्टोअरकीपर. दोर, साखळ्या, रंगाचे डबे माझ्या ताब्यात. त्यांना रोज काहीतरी लागायचं, त्यामुळे आमची गाठ रोजची.

त्यांना कुणी फ्रेंच म्हटलेलं खपत नसे. "हम फ्रेंच नहीं, हुसेन. हम ब्रेतों. फ्रेंच हमारा पडोसी." ब्रेतों म्हणजे ब्रिटनीचे, आणि ब्रिटनी म्हणजे फ्रान्सचं पश्चिमेकडचं टोक, तिन्ही बाजूंनी समुद्र. वडील बंदरातली जहाजं खडकांमधून वाट दाखवत आत आणायचे. काका चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, त्यांनी पुतण्याला संगीत शिकवलं. पुढे पॅरिसच्या संगीतशाळेत दोन वर्षं झाली, मग युद्ध आलं, नौदल आलं, आणि हा माणूस समुद्रावरच राहिला. पण लिहिणं थांबलं नाही. चर्चसाठी एक मोठी प्रार्थना, तीसेक गाणी आणि एक ऑपेरा, म्हणजे गाण्यांतूनच घडणारं नाटक. हा ऑपेरा समुद्रात बुडालेल्या एका शहराचा होता आणि तो बारा वर्षं पुरा होत नव्हता. मी सकाळी विचारायचो, "साहेब, शहर बुडालं का?"

"अभी नहीं. पानी घुटने तक आया. लोग बहुत गाता है, डूबता नहीं!"

एकदा मी गोडाऊनमध्ये एका खलाशाशी आमच्या कोकणी बोलीत बोलत होतो. साहेब आत येताच मी गडबडीने हिंदीवर आलो. ते दारातच थांबले. म्हणाले, "क्यों बदला? अपना जबान बोलो." मग त्यांनी सांगितलं, लहानपणी शाळेत त्यांच्या भाषेला बंदी होती. तोंडून ब्रेतों शब्द निघाला की मास्तर गळ्यात लाकडी बूट बांधत. तो दिवसभर वागवायचा. "हमारा गला में बहुत दिन बूट था," असं म्हणून ते खो खो हसले. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून त्यांच्यासमोर मी बोली सोडली नाही, आणि तेही तिच्यातला एकेक शब्द उचलू लागले.

त्यांच्या गावाकडे दोघांनी मिळून गायची एक पद्धत होती. पहिला ओळ म्हणतो, ती संपायच्या आत दुसरा तिचं शेपूट पकडतो. मी म्हणालो, आमच्याकडे लग्नात बायका तसंच गातात. झालं! साहेबांनी मला रंगाच्या डब्यावर बसवलं आणि आईचं हळदीचं गाणं म्हणायला लावलं. माझा गळा म्हणजे गंजलेली साखळी. सात वेळा म्हणून घेतलं. वर खलाशांची दोर ओढायची आरोळीही दाऊद तांडेलांकडून लिहून घेतली. दाऊद तांडेल आमच्याच गावचे, लाँचवरच्या सगळ्या खलाशांचे म्होरके.

या सगळ्यातून त्यांनी चार वाद्यांसाठी एक रचना लिहिली. दोन व्हायोलिन, त्यांहून जरा जाड आवाजाचा व्हायोला आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा चेलो. व्हायोला ते स्वतः वाजवत. चेलो इस्पितळातल्या इंग्रज नर्स सिस्टर मार्गारेटकडे होता. उरली दोन व्हायोलिनं. एका दुपारी साहेब कागद पसरून कपाळाला हात लावून बसले होते. चहा घेऊन आलेल्या कायतानने कागदाकडे पाहिलं आणि वरची अख्खी ओळ शिट्टीवर वाजवून दाखवली. गोव्याच्या चर्चमध्ये तो दहा वर्षं व्हायोलिन वाजवत होता! साहेब उठले, कायतानच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, आणि चहा कागदांवर सांडला. दुसरं व्हायोलिन कायताननेच आणलं. दुबईच्याच देरा भागातल्या बाजारातला मिंगेल शिंपी, त्याचा गाववाला.

दोन महिने तालमी झाल्या. गोऱ्या साहेबांच्या क्लबात कार्यक्रम ठरला, निमंत्रणं गेली. आणि चार दिवस आधी क्लबाच्या सेक्रेटरीने चिठ्ठी पाठवून कळवलं की आचारी आणि शिंपी यांनी मागच्या दाराने यावं, वाजवून झालं की लगेच जावं. कायतान म्हणाला, "साहेब, मला काय? मी रोज मागच्या दारानेच जातो." साहेबांचा चेहरा लाल झाला. एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चिठ्ठीच्या मागे दोनच शब्द लिहिले, "नो कॉन्सर्ट", आणि ती परत पाठवली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "हुसेन, तेरा गोडाऊन शुक्रवार को बंद?"

बंदच असायचं. मॅनेजरच्या परवानगीशिवाय उघडायची सक्त मनाई. माझी नोकरी वर्षाचीही नव्हती आणि तिच्यावर गावचं घर चालत होतं. तरी मी म्हणालो, "मी उघडतो."

जुम्याच्या नमाजानंतर माणसं जमली. खलाशी, हमाल, दोन पठाण, बाजारातले कापडवाले. दोरांच्या वेटोळ्यांवर सगळे बसले. सिस्टर मार्गारेट चेलो घेऊन आल्या, कायतान आणि मिंगेल इस्त्रीच्या कोटात, सगळे पुढच्या दाराने. पहिला भाग सुरू झाला तेव्हा लोक एकमेकांकडे बघत होते. कुणी खोकलं, कुणी उठायच्या बेतात होतं. तिसऱ्या भागात मात्र चेलोने खाली दोर ओढल्यासारखा ठेका धरला आणि दाऊद तांडेल ताठ बसले. वाद्यं क्षणभर थांबली, त्या मोकळ्या जागेत तांडेलांच्या तोंडून आपसूक आरोळी निघाली आणि वीस खलाशांनी तिचं शेपूट पकडलं. पत्रे हादरले. मी साहेबांकडे पाहिलं. ते वाजवत होते आणि डोळ्यांतलं पाणी थेट व्हायोलावर पडत होतं.

संपलं तेव्हा टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, तशी सवयच नव्हती. तांडेल उभे राहिले आणि म्हणाले, "हुसेन, त्या साहेबाला सांग, पहिल्यापासून परत वाजव म्हणावं. आता ध्यानात आलं." मी सांगितलं. चौघांनी अख्खी रचना पुन्हा वाजवली.

शनिवारी मला मेमो मिळाला. साहेब मॅनेजरकडे गेले, दोष स्वतःवर घेतला, माझी नोकरी वाचवली. मग मेमो माझ्या हातातून ओढून, चर्चमध्ये पाद्री गातात त्या चालीत त्यांनी तो "अंडरसाइन्ड" पर्यंत गाऊन दाखवला. तो ऐकताना हसून हसून माझी भीती कुठल्या कुठे गेली.

पाहणी संपली आणि साहेब मायदेशी गेले. जाताना म्हणाले, "हुसेन, शहर डूब गया. कल रात को. खलास!" ऑपेरा पुरा झाला होता.

तीन वर्षांनी त्यांच्या बहिणीचं इंग्रजी पत्र आलं. भाऊ गावच्या शाळेत मुलांना संगीत शिकवत होता, ब्रेतों भाषेतून. हिवाळ्यात झोपेत गेला. ऑपेरा अजून कुणी बसवला नाही. शेवटी तिने लिहिलं होतं, "तो सगळ्यांना सांगायचा की त्याची एक रचना श्रोत्यांनी लागोपाठ दोनदा, पहिल्यापासून वाजवायला लावली होती. इथे कुणाचा विश्वास बसत नाही. म्हणतात, आमचा इव्ह गोष्टी रचायचा. तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. मग कागद घेऊन निघालो. कायतानने पिठाचे हात पुसून सही केली, मिंगेलने दुकानात मशीन थांबवून. सिस्टर मार्गारेटनी सहीखाली लिहिलं, "दोन्ही वेळा." खाडीवर दाऊद तांडेलांना पत्र वाचून दाखवलं. मग त्यांनी लाँचवरच्या खलाशांना हाक मारली आणि शाईची डबी मागवली. पत्र पाकिटात घातलं तेव्हा त्यावर चार सह्या होत्या आणि अकरा अंगठे.