आत्याने दुकान कुणाला दिलं

आमची आत्या लग्नाच्या भानगडीत पडली नाही. जिन्याखालच्या दुकानात तिने चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले आणि अख्ख्या गल्लीला धाकात ठेवलं. आम्ही तिघं भाऊ तिचे भाचे आणि वारस. पण शेवटची काही वर्षं दुकान खरं चालवायची ती धाकटी. शिवण शिकायला आलेली पोर, आत्यानेच तिला हे नाव पाडलं, आणि ती वीस वर्षं आत्याजवळच राहिली. नात्याने आमची कोणी नाही. आत्याला मात्र तिच्यावाचून चहा गोड लागायचा नाही.

सत्तरी उलटल्यावर आत्याने स्वतःच मृत्युपत्र लिहिलं. हाताला लागलेली खोड जाते कुठे! पोर वाढेल म्हणून ती शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्त सोडायची, कागदातही तिने तेच केलं. ‘दुकान घरच्या माणसांनी सांभाळावं, बाकी पुढे वेळ येईल तसं बघावं.’

"सैल ठेवलंय," ती ऐटीत म्हणाली. "पुढेमागे कमीजास्त करता येईल."

मी तिला वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी कागद वाचून विचारलं, "घरची माणसं म्हणजे कोण?"

"धाकटी. अजून कोण?"

"कायदा तुमच्या तिघा भाच्यांना विचारेल, आजी. ती बाई रस्त्यावर येईल."

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. मग तिने पदर खोचला. "लिहा नव्याने. अगदी अंगाबरोबर."

दुकान आणि तिन्ही मशीन धाकटीला, तिच्या पूर्ण नावानिशी. वरच्या दोन खोल्या आम्हा तिघांना सारख्या. अंमलबजावणी माझ्या गळ्यात. साक्षीला डॉक्टर आणि समोरचा घड्याळवाला. दोघांनाही यातून काडी मिळणार नव्हती. मृत्युपत्राची रीतसर नोंदणी झाली. बँकेत चौकशी केली, तर खात्यावर वारस म्हणून नाव निघालं तीस वर्षांपूर्वी गेलेल्या आमच्या आजीचं! तेही बदललं.

मग आत्याने आम्हा तिघांना दुकानात बोलावलं आणि कापड बेतायच्या टेबलाशी उभं राहून सगळं खणखणीत वाचलं. खोटं कशाला बोलू, माझ्याही पोटात दुखलं. दादा तर उसळलाच.

"परक्या बाईला देतेस?"

"हो. भांडायचं तर आत्ता भांड, मी आहे तोवर. चारला गिऱ्हाईक येतंय."

धाकटी रडायला लागली. "आत्या, मला दुकान नको. तुम्ही हव्यात."

"मी काय जन्मभर पुरणार आहे? दुकान घे!"

दोन वर्षांनी आत्या गेली. तिसऱ्या दिवशी दादाने दुकानाला आपलं कुलूप ठोकलं. शाळा सुरू व्हायला आठवडा होता, साठ गणवेश आत अर्धवट पडलेले, आणि धाकटी पायरीवर बसून. मी मृत्युपत्र घेऊन दादाला त्याच्याच वकिलाकडे ओढत नेलं. वकिलाने ते दोनदा वाचलं, नोंदणीचा शिक्का पाहिला, साक्षीदारांची चौकशी केली.

"कागद पक्का आहे. तुमची डाळ शिजणार नाही," तो दादाला म्हणाला.

दुकानाशी आल्यावर दादाने स्वतः कुलूप काढलं आणि किल्ली खिशात टाकली. "माझं चुकलं," धाकटीकडे न बघताच तो म्हणाला.

धाकटी उठली, आत गेली आणि दिवा लावून मशीनवर बसली. मशीनचा खडखडाट सुरू झाला तसं मला राहवेना. भर रस्त्यात, लोक बघत असताना मी ओरडलो, "आत्या, जिंकलीस गं!"