चादरीच्या अलीकडून

बायकोला लकवा झाला आणि मी टेम्पो सोडला. त्याआधी, नव्वदच्या दशकात, मी पिंपळगाव बसवंतहून मुंबईला द्राक्षं न्यायचो. ती तिथल्याच पॅकहाऊसमध्ये घड निवडून पेट्या भरायची. डावी बाजू गेल्यावर तिला उठवणं, भरवणं, आंघोळ घालणं सगळं माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी तिला दंडाला धरून ओढलं, तर वाकड्या तोंडानं म्हणाली, "घड देठाला धरतात. एवढी वर्षं माल वाहिला, तेवढं तरी शिकायचं!"

मग शिकलो. पाणी कोमट, आधी पायावर, डोक्यावर एकदम नाही. ती घाबरायची.

एका सकाळी चहा घेऊन गेलो, तर ती गेलेली होती.

गल्लीतल्या बायका जमल्या. बोरीचा पाला घालून पाणी तापलं. मी नेहमीसारख्या बाह्या सारून आत निघालो. मयताला शेवटची आंघोळ, म्हणजे गुसल, घालणाऱ्या खालांनी दारातच अडवलं.

"भाईजान, बाहेर बसा. आता तुम्हाला हात लावता येत नाही."

"का? काल कुणी घातली आंघोळ?"

"काल ती तुमची बायको होती."

मौलाना ओट्यावर बसले होते. माणूस भला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मौत झाली की निकाह तुटतो, चाचा. चेहरा बघा, हात लावू नका."

"आणि मी आधी मेलो असतो तर?"

"तर ती तुम्हाला गुसल देऊ शकली असती. इद्दतचे चार महिने दहा दिवस सरेपर्यंत तिचं नातं राहतं."

"तिचं राहतं आन् माझं तुटतं?"

"हा सवाल आत्ता नको."

मला तर आत्ताच पडला होता.

तेवढ्यात आडोशाला धरलेल्या चादरीमागून लेकीचा आवाज आला. "अब्बा, अम्माचा डावा हात सरळ होत नाही."

"करू नको सरळ! कोपराला आधार दे. पाणी आधी पायावर."

आतून खालाच म्हणाल्या, "सांगा भाईजान, पुढं?" मी चादरीच्या अलीकडून सांगत गेलो. उजवा कान दुखतो, तिथं हात हलका. केस ओढू नका, गुंता खालून सोडवा. त्यांनी सगळं तसंच केलं. त्या बाईचे उपकार मी विसरलो नाही.

पण सवाल काही गेला नाही. नाशकात दुसऱ्या जमातीच्या एका मौलानांना विचारलं, तर म्हणाले, आमच्यात नवऱ्याला चालतं. खूश व्हायला पाहिजे होतं, झालो नाही. समजा, सगळ्यांनी एकच सांगितलं असतं, तर काय मी मान डोलवली असती? इतकी वर्षं जिला उचललं, तिला मी एका श्वासात परका, हा हुकूम वरून आला असेल तरी मला न्यायाचा वाटत नाही. एकदा एवढं मनाशी बोललो आणि मग थांबता आलं नाही. आधी पहाटेची फजरची नमाज सुटली, मग शुक्रवारची जुम्म्याचीही. कुणाशी भांडलो नाही. ज्यावर मन बसत नाही, तिथं कपाळ टेकवणं मला खोटं वाटलं.

लेकीला तोंडावर सांगितलं, आता मी मानत नाही.

ती रडली. "अम्मा तिकडं वाट बघत बसंल, आन् तुम्ही पोचणारच नाही!"

ती उठून गेली आणि यायची बंद झाली. बायको गेली, आता लेकही जाते की काय, या धास्तीनं मला जेवण जाईना. मशिदीत जाऊन नुसतं दिसावं, असंही मनात आलं. गेलो नाही.

ईदला ती शीरखुर्मा घेऊन आली. माझ्याच खोलीत तिनं नमाज पढली. मी रेडिओ बंद करून बसलो. चटई गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "मी तुमच्या जावयांना सांगून ठेवलंय. मी आधी गेले, तर गुसलला तुम्हीच बसायचं."

"मौलानांना विचारलं का?"

"विचारायचं नाही, हे पण सांगितलंय."

"मग काय म्हणाला तो?"

"हो म्हणाले."

मी म्हटलं, "अगं, तो चहाचा कप धड विसळत नाही, तुला काय धुणार?"

ती तोंडावर ओढणी धरून हसली. पाठमोरी हसली तर थेट तिची आई. जावई दारात चपला काढत होता, त्यानं ऐकलं.

"मग शिकवा की, अब्बा."

"ये," म्हटलं. "आधी तो कप घे."