नावापुढचा ठिपका

"तुमच्यातला माणूस तुला लांबनं वळखू येतो, म्हणून तर यादी तुझ्याकडं दिलीय. मग ही बाई कशी सुटली?"

मालक हे हळू बोलले. केबिनचं दार लावून बोलले. काचेपलीकडं एक बागाईतदार चहा पीत बसले होते, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्या कानावर जाऊ नये एवढीच मालकांची काळजी होती. माझ्या कानावर गेलं, त्याचं काही नव्हतं. मालकांचं बोट यादीतल्या चौदाव्या नावावर होतं. मी टेबलासमोर उभा होतो. वय एकोणपन्नास. त्या ऑफिसात नववं वर्ष.

मी म्हणालो, "चुकलं."

बाकी काही म्हणालो नाही. हा एक शब्द मी त्या दिवशी बोललो आणि तो अजून मला गिळता आलेला नाही.

बारामतीत एसटी स्टँडपासून जवळ, दुसऱ्या मजल्यावर आमचं सहलींचं ऑफिस होतं. ज्यांना परदेश परवडत नाही असं वाटायचं, त्यांना तो परवडेल असा आखून देणं हे माझं काम. एका फेरीत तीन देश. विमानानं एका शहरात उतरायचं आणि परतीचं विमान तिसऱ्याच देशातून धरायचं, म्हणजे मागं फिरण्यात दिवसही जात नाही आणि खर्चही. मधल्या सीमा बसनं ओलांडायच्या. एका खोलीत तिघं. सोबत भाताचा कुकर, बेसन, चटणी, म्हणजे रात्रीचं जेवण बाहेर घ्यायला नको. हे मला कुणी शिकवलं नाही. घरी फरशीवर नकाशा पसरून, त्याच्याच कोपऱ्यावर भाकरी ठेवून मी हे शिकलो. गावकुसाबाहेर वाढलेला माणूस मी. सीमा कशा ओलांडायच्या ते मला नीट कळायचं, असं मी स्वतःलाच सांगायचो. बरं वाटायचं.

आता ठिपक्याचं सांगतो. पहिल्या वर्षी मलेशियात एका हॉटेलच्या जिन्यात दोन माणसांची जुंपली. खोलीतला तिसरा कोण निघाला ते एकाला कळलं होतं. त्यानं त्या तिसऱ्याची बॅग बाहेर आणून ठेवली. परत आल्यावर मालक म्हणाले की असली भानगड निघायच्या आधी मिटली पाहिजे. कशी, ते त्यांनी सांगितलं नाही. ते मी काढलं. मीच. नावापुढं पेन्सिलीनं बारीक ठिपका. ठिपकेवाले एका खोलीत. एखादा उरला तर टोकाची खोली, आणि तिचे जादा पैसे त्याच्याकडूनच, काहीतरी कारण सांगून. बसमध्ये त्यांची जागा शेवटची. कुणाला काही कळायचं नाही. ट्रिपा शांत व्हायला लागल्या. मालकांनी मला दिवाळीला कपडे घेतले.

ओळखायचो कसा? आडनावावरून, गावातल्या वस्तीवरून, काय बघायचं म्हणतात त्यावरून. कुणी फोन ठेवताना जय भीम म्हणायचं. मी नमस्कार म्हणायचो.

माझ्या नावापुढं ठिपका नव्हता. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून कुणाला काही कळत नाही. मालकांना माहीत होतं, बाकी कुणाला नाही. प्रत्येक ट्रिपला मी सोबत जायचो आणि हॉटेलच्या खोलीत बावीस माणसांचं पिठलं-भात मीच करायचो. आबा आधी एकदा आमच्याबरोबर आले होते. क्वालालंपूरमध्ये पलंगावर मांडी घालून दोनदा भात मागून जेवले आणि म्हणाले, "तुझ्या हाताला चव हाय लेका." मी घरी येऊन बायकोला ते कौतुकानं सांगितलं. ती भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "जात सांगून वाढलं हुतं का?"

त्या वर्षीची ट्रिप व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड अशी होती. अकरा दिवस. चौदावं नाव निमगाव केतकीच्या एका निवृत्त नर्सबाईंचं. गावात त्यांना सिस्टर म्हणतात. एकट्या राहतात. तीन वेळा एसटीनं ऑफिसात आल्या, वही घेऊन. त्यांचा प्रश्न एकच होता. कंबोडियात अंगकोरला दगडात कोरलेले मोठाले चेहरे आहेत, ते बघायला किती वेळ मिळेल? मी अर्धा दिवस ठेवला होता. सिस्टर म्हणाल्या, "अर्ध्या दिसात काय बघू? पाय म्हातारं झाल्यात. बुद्धाच्या मुलखात जायचं आनि पळत यायचं व्हय?" मी बँकॉकमधला खरेदीचा एक मुक्काम कापला आणि अंगकोरला पूर्ण दिवस दिला. सिस्टरनी त्या दिवसाभोवती लाल पेनानं चौकट केली.

मी त्यांना पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तरी ठिपका दिला नाही. यात धाडस वगैरे काही नव्हतं, ते माझ्या नावावर जमा करू नका. आबांची विधवा बहीण आक्का आणि तिची जाऊ, दोन बायका उरत होत्या. खोलीतला तिसरा पलंग रिकामा राहिला की सगळं गणित बिघडतं. म्हणून सिस्टरना तिथं टाकलं. थोडी लाजही असेल. नक्की सांगता येत नाही.

यादी सगळ्यांच्या मोबाइलवर गेली. आबांच्या निमगावच्या पाहुण्यांनी ती बघितली आणि सिस्टर कुणातल्या ते आबांना फोन करून सांगितलं. आबा दुसऱ्या दिवशी ऑफिसात. रागावले नाहीत. आबा कधी रागावत नाहीत. म्हणाले, "बाई चांगली हाय, त्यात वाद न्हाय. आमच्या भाचीचं बाळंतपण तिनंच केलं. पर अकरा दिस एका खोलीत, एक संडास, एक मोरी... आक्काला न्हाय जमायचं." मग मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

सिस्टरना वेगळी खोली घ्यायला सांगायचं, नाहीतर नाव काढायचं, असं ठरलं. वेगळी खोली त्यांना झेपणार नव्हती, हे मालकांना माहीत होतं. मलाही. मालक म्हणाले, "तूच जा. तुझं ऐकंल ती."

मी गेलो. निमगावला बाजाराचा दिवस होता. सिस्टरचं घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. मी त्या भिंतीकडं पाठ करून बसलो. निघायला अजून बारा दिवस होते, पण बॅग भरून कोपऱ्यात उभी होती. वर चालायचे नवे बूट, त्यात मोजे कोंबलेले. पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, त्याला रबर लावलेलं.

खोल्यांची अडचण आलीय, मी म्हणालो. हॉटेलवाले ऐकत नाहीत. वेगळी खोली घ्यावी लागेल, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमचं गाव कुठलं?"

मी गावाचं नाव सांगितलं. तेवढंच.

"ते हाय मला माहीत. तुमच्या गावच्या दवाखान्यात मी सात वर्सं हुते. भागीरथीचा थोरला ना तू?" आईचं नाव मी त्या ऑफिसात नऊ वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "पयल्या दिशीच वळखलं. तू बोलला न्हाईस, म्हटलं आसंल पोटाची अडचण."

मी खाली बघत होतो.

"मला यादीतनं काढायला तुलाच पाठिवलं?"

मी मान डोलावली.

"आनि तू आलास."

एवढंच. आवाज चढला नाही. सिस्टर उठल्या, मी छापून दिलेला सहलीचा कागद काढला, लाल चौकटीचा, आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "हे घिऊन जा. तुझ्या हातचं हाय."

मालकांचं बोलणं मी पचवलं होतं. असली बोलणी मी लहानपणापासून पचवत आलो. हे पचेना. मालक मला माझ्या जातीवरून बोलले होते. सिस्टर मी काय केलं त्यावरून बोलल्या. पहिल्या बोलण्याला द्यायला माझ्याकडं निदान संताप होता. दुसऱ्याला काहीच नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी बारामतीत मंगल कार्यालयात ट्रिपची बैठक होती. एकवीस माणसं. बॅगांना लावायचे बिल्ले, टोप्या, पासपोर्टची तपासणी. मालक माईकवर सूचना देत होते. मी यादी घेऊन शेजारी. आबा पहिल्या रांगेतून म्हणाले, "बाकी काय बी आसू द्या, पिठलं-भात ह्याच्याच हातचा पायजे. मंग मी बिनघोर." सगळे हसले. आक्कासुद्धा.

मी खिशातली पेन्सिल काढली. यादीत तळाशी माझं नाव होतं. त्याच्यापुढं ठिपका दिला. तो कुणाला दिसला नाही, म्हणून माईक घेतला.

"आबा, क्वालालंपूरला तुम्ही जेवलात ते माझ्या हातचं. मी बौद्ध आहे. तुमच्या भाषेत महार. सिस्टरना ज्या कारणानं काढलं, ते कारण तुमच्या पोटात जाऊन दोन वर्षं झाली."

आवाज माझाच होता, पण मला तो परका वाटला. आबांच्या हातात बॅगेचा बिल्ला होता, तो त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवला. म्हणाले, "आदी सांगायचं हुतंस रं."

"आधी सांगितलं असतं तर जेवला असता?"

मालकांनी माईकची वायर ओढली. मी यादी टेबलावर ठेवली आणि जिना उतरलो.

ट्रिप गेली. मी आखलेल्याच रस्त्यानं गेली, त्याच बसनं, त्याच हॉटेलांत. सोबत दुसरा माणूस आणि आचारी दिला, त्याची जात आधी विचारून. अंगकोरचा पुन्हा अर्धा दिवस झाला, बँकॉकची खरेदी परत आली, असं नंतर कळलं. सभागृहात मी बोललो म्हणून जगात काहीही हललं नाही.

मी सिस्टरकडं गेलो. झालेलं सगळं सांगितलं. दारातच. बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "मंग? शाबासकी पायजे?"

मी नाही म्हणालो. पण ती हवी होती. त्याचसाठी गेलो होतो.

"माज्याआदी किती जनं हुते?"

मला लागलं होतं ते सिस्टरचं एकच नाव, बाकीचे मला आठवतही नव्हते. बाईंनी दार लावून घेतलं. त्या पुढं कधी गेल्या का, तो पासपोर्ट कुठं आहे, मला माहीत नाही. विचारायचा हक्क मी घालवला आहे.

घरी आलो आणि दर ट्रिपनंतर माळ्यावर आणून टाकलेल्या याद्यांचा गठ्ठा काढला. नऊ वर्षांच्या. पेन्सिल पुसट होते, पण जात नाही. ठिपके सगळे शाबूत होते. मालकांनी एकही दिला नव्हता. आबांनी दिला नव्हता. हात माझा होता.

तेव्हापासून मी एकेका घरी जातोय. पहिला डाळजला गेलो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक तात्या. तीन देशांत सगळा प्रवास बसच्या शेवटच्या सीटवर केला, त्यांची बायको प्रत्येक घाटात ओकत होती. पुढं जागा मागितली तेव्हा मी बुकिंगचा नंबर दाखवला होता. ती बाई आता हयात नाही. मी तात्यांना ठिपका दाखवला. त्यांनी चष्मा लावून कागद लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "आमाला वाटलं, आमीच उशिरा पैसं भरलं." मग म्हणाले, "ऊठ. माज्या दारात बसू नगं."

मी उठलो.

आता मी घरूनच लोकांना सहली आखून देतो. येतात थोडे. यादीत पहिलं नाव माझं, पुढं जात लिहिलेली. खोल्या चिठ्ठ्या टाकून. ज्याला चालत नाही त्यानं घरी राहावं, मी समजूत काढत नाही. पण हे पोटाचं काम झालं. खरं काम गठ्ठ्यात आहे. आमच्या बापजाद्यांना लोकांच्या दारात उभं राहावं लागायचं. त्यांनी ते लाथाडलं. मी आता आपल्याच माणसांच्या दारात उभा राहणार आहे, शिव्या देतील, हाकलतील, एखादा हात उचलेल, तरी. माफी मागायला जात नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं. मी फक्त कागद दाखवायला जातो.

पुढचं घर इंदापुरातलं आहे. नवरा-बायको, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आले होते. त्यांची खोली जिन्याखाली होती. ती कशी होती, ते त्यांना आठवत असेल. त्यांनाच का मिळाली, ते मी सांगणार आहे.