गोदावरीला पाजलेलं पाणी

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. मुलाला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या पुष्पाला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि अनोळखी माणसासमोर तोंड उघडणं मला किती सोपं जातं, हे मी एकदा पाहिलेलं आहे. त्याचीच ही गोष्ट.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. गुलामांच्या व्यापाराचा भाग दर वर्षी यायचा आणि दर वर्षी मी फळ्यावर नकाशा काढून, बाण दाखवून तो उरकायची. निवृत्त झाल्यावर वाटलं, जे जन्मभर शिकवलं ते एकदा डोळ्यांनी पाहावं. मुलगा म्हणाला, युरोपला जा, ग्रुपबरोबर जा. मी घानाला गेले. एकटी. नागपूरच्या एका एजंटाने तिथला गाइड ठरवून दिला होता — क्वेसी, चाळिशीचा, मोजकं बोलणारा, गाडीही तोच चालवायचा. त्याने मला राजवाडा दाखवला, विणकरांची गावं दाखवली, बाजारात हिंडवलं. शेंगदाण्याचं सार खाताना मी त्याला म्हटलं, हे तर आमच्या वऱ्हाडातल्यासारखंच लागतं. तो हसला. तोवर सगळं ठीक होतं. मी पाहुणी होते, बघत होते, फोटो काढत होते.

पण त्याआधी पुष्पाबद्दल सांगायला हवं. टाळते आहे, बघा.

पुष्पा माझ्याच गावची, अकोल्याकडची. कॉलेजात मराठी शिकवायची. आमचं घर मोठ्या शेतीचं, तिचं बौद्ध वस्तीतलं. गावात असताना आम्ही एकमेकींशी कधी बोललो नव्हतो. मैत्री झाली ती अमरावतीत, स्टाफरूममध्ये. एका उन्हाळ्यात दोघी एसटीने अकोल्याला निघालो होतो आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी बंद पडली. एका निंबाखाली बसून आम्ही एकाच बाटलीतलं पाणी पुरवून पुरवून पीत होतो. तेव्हा तिने सांगितलं.

तिच्या आजीने तरणी असताना, अशाच उन्हाळ्यात, एका शेतातल्या विहिरीत घागर बुडवली होती. मालकिणीने ती घागर फोडायला लावली. आणि तिला त्याच विहिरीच्या काठावर बसवून ठेवलं, दिवस मावळेपर्यंत, उन्हात, पाण्याचा थेंब न देता. घरी तिचं तान्हं मूल रडत होतं. ते मूल म्हणजे पुष्पाचे वडील.

"थे मालकीण म्हंजे तुही आजी," पुष्पा म्हणाली. "मी तुले दोष देऊन नाई राहिली. तुले मालूम असावं, म्हणून सांगितलं."

मी काय केलं असेल? बाटली तिच्याकडे सरकवली, एवढंच. नंतर आम्ही त्यावर कधी बोललो नाही, आणि मला वाटत राहिलं की मी फार समजूतदारपणे वागले.

तर — तो गुलामांना कोंडायचा किल्ला. समुद्राच्या काठावर, पांढरा, लांबून देखणा दिसणारा. क्वेसीने मला खालच्या तळघरात नेलं, जिथे बायकांना कोंडून ठेवायचे. एक झरोका, तोही उंचावर. खाली उताराची फरशी. त्या दिवशी तिथे अमेरिकेतून आलेली काही काळी माणसं होती, आपल्या पूर्वजांचा माग काढत आलेली; क्वेसी त्यांनाही माझ्यासोबत फिरवत होता. एक म्हातारी भिंतीला कपाळ टेकवून रडत होती. कोणी तिला थांबवत नव्हतं. मी दाराशी उभी होते, कॅमेरा गळ्यात. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. बघायचं कारणही नव्हतं.

ज्या दारातून माणसं जहाजावर चढवत, तिथे आल्यावर क्वेसी प्रत्येकाला विचारायचा — तुम्ही सोबत कोणाला घेऊन आलात? ती म्हातारी बोलली. तिच्यासोबतचा माणूस बोलला. मग तो माझ्याकडे वळला.

मी म्हणाले, "माझ्या आजीला."

आणि सांगितलं. घागर, विहीर, ऊन, घरी रडणारं मूल. सगळं सांगितलं — फक्त विहिरीच्या काठावर जी बसली होती ती माझी आजी, असं. आवाज कापत होता माझा. खोटा नव्हता तो कापरेपणा. हेच मला आजही समजत नाही. त्या म्हातारीने माझा हात घट्ट धरला आणि मला बहीण म्हटलं. मला बरं वाटलं. ऐकताय ना? मला बरं वाटलं. मी आता दाराशी उभी नव्हते, मी त्यांच्यातली झाले होते. तिच्या हातातला हात मी काढून घेतला नाही.

तेव्हाच क्वेसीला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. गाडीत सांगता आलं असतं. त्याने वाटेत आईला फोन लावला आणि त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलत राहिला. मग मला म्हणाला, उद्या आईने तुम्हाला घरी बोलावलंय.

त्याची आई किनाऱ्यावरच्या एका वस्तीत राहायची, मासे धुरावर सुकवून विकायची. मी गेले तेव्हा तिने अंगण झाडून घेतलं होतं, ठेवणीतलं कापड लुगड्यासारखं नेसली होती. पूर्वजांच्या नावाने जमिनीवर दारू शिंपायची तिथे रीत आहे. पण ती म्हणाली — क्वेसीने मला सांगितलं — त्या बाईला पाणी मिळालं नाही, म्हणून आज पाणीच द्यायचं. भांडं भरून आणलं. आणि मला विचारलं, आजीचं नाव काय?

पुष्पाच्या आजीचं नाव मला माहीत नव्हतं.

इतकी वर्षं तिच्यासोबत डबा खाल्ला. तिच्या आजीचं दुःख परक्या देशात जाऊन स्वतःचं म्हणून सांगितलं. नाव कधी विचारलंच नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, शेजारच्या बायकाही येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी म्हणाले, "गोदावरी."

ते माझ्या आजीचं नाव. घागर फोडायला लावणारीचं.

क्वेसीच्या आईला ते नीट म्हणता येईना. तिने दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग वाकून पाणी ओतत राहिली, अगदी सावकाश, आणि काहीतरी म्हणत राहिली. क्वेसी हळू आवाजात मला सांगत होता, ती म्हणते आहे — गोदावरी, ये, पोटभर पी, आता तुला कोणी अडवणार नाही.

मी हात जोडून उभी राहिले.

परत आल्यावर अमरावतीत निवृत्त शिक्षकांनी माझं व्याख्यान ठेवलं. क्वेसीने त्या दिवसाचा व्हिडिओ पाठवला होता. तोही मी दाखवला. का दाखवला? मोठेपणा हवा होता, दुसरं काय. लोकांना एवढंच सांगितलं की तिथल्या एका आईने माझ्या आजीच्या नावाने पाणी दिलं. टाळ्या झाल्या. निवृत्तीनंतर अकोल्याला राहायला गेलेली पुष्पा खास तिथून आली होती, पुढेच बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या की नाही, मी पाहिलं नाही.

नंतर सगळे चहाकडे गेले तेव्हा ती जवळ आली.

"तुह्या आजीले पाणी कावून पाजलं त्याईनं?"

मी म्हटलं, तिथली पद्धत आहे, पाहुण्याच्या घरच्या माणसांना देतात.

पुष्पा म्हणाली, "माह्या आजीचंई नाव घेतलं असतं तं मले बरं वाटलं असतं."

ती थांबली. निदान तेव्हा तरी मी विचारावं — काय नाव होतं गं त्यांचं? — एवढा वेळ नक्कीच थांबली. मी म्हटलं, चहा निवतो आहे, चल. तिने चहा घेतला नाही. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं म्हणाली आणि स्टँडवर जायला ऑटोत बसली. आता फोन केला तर उचलते, दोन वाक्यं बोलते, ठेवते. तिला काही कळलं असेल का? मी स्वतःला सांगते की नाही. ती मूर्ख नाही, हे मला माहीत आहे.

क्वेसीचे निरोप येत असतात. किल्ल्यावर आलेल्या लोकांना तो आता गोदावरीची गोष्ट सांगतो, आणि लोक रडतात, असं त्याने लिहिलं. मी त्याला थांबवलं नाही. मागच्या महिन्यात त्याने आजीचा फोटो मागितला — आईला घरात लावायचा आहे म्हणे. माझ्याकडे एकच फोटो आहे. आजी आमच्या ओसरीवर खुर्चीत बसलेली, नाकात नथ, गळ्यात सोनं, ओठ मिटलेले. तो मी पाठवला.

त्याचं उत्तर आलं — बाईने किती सोसलंय, चेहऱ्यावरच दिसतं.

मी लिहिलं, हो.